कोलेस्टेरॉलच्या गोळ्या: कुठली, कशासाठी आणि किती दिवस

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. समजा, पन्नाशीच्या एका गृहस्थांचा रिपोर्ट असा आहे: टोटल कोलेस्टेरॉल २४२, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६२. गृहस्थ धास्तावतात ते २४२ ला, कारण तो सगळ्यांत मोठा. डॉक्टर बोट ठेवतात १६२ वर. औषधाचा विचार तिथूनच सुरू होतो.

हा १६२ बऱ्याच लॅबमध्ये मोजलेला नसतोच, वजाबाकी करून काढलेला असतो. टोटलमधून एचडीएल काढायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग काढायचा. २४२ वजा ३८, वजा ४२, उरले १६२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित कोलमडतं, मग एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं. याच कागदावरून आणखी एक आकडा फुकटात निघतो: टोटलमधून फक्त एचडीएल वजा करा. इथे तो २०४ येतो. त्याला नॉन-एचडीएल म्हणतात आणि धमनीच्या भिंतीत शिरून बसू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल त्यात धरलेलं असतं. शुगर, सुटलेलं पोट आणि चढलेलं ट्रायग्लिसराइड हे त्रिकूट आपल्याकडे इतकं घरोघरी आहे की नुसत्या एलडीएलपेक्षा हा आकडा बरेचदा जास्त खरं सांगतो. तरी रिपोर्ट दाखवायला आलेल्यांपैकी फार थोडे लोक तो बघतात.

गोळी सुरू करायची की नाही, हे एकट्या आकड्यावर ठरत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या, शुगर-बीपी नसलेल्या मुलीचं एलडीएल १६२ आलं तर डॉक्टर आधी थायरॉइड तपासतील, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं. मग खाण्यापिण्याचं विचारतील आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतील. तेच १६२ बावन्न वर्षांच्या, शुगर असलेल्या, तंबाखू मळणाऱ्या माणसाचं असेल आणि त्याचे वडील पंचेचाळिशीत हार्ट अटॅकने गेले असतील, तर गोळी आजपासून. ज्यांना अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट बसलाय, त्यांना एलडीएल शंभर असलं तरी गोळी लागते. आणि एलडीएल १९० च्या वर असेल तर बाकी काही न बघता औषधाचा विचार होतो.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हे स्पष्ट मांडलंय. धोका कमी असलेल्यांनी एलडीएल १०० च्या खाली ठेवावं, शुगर-बीपीसारखा जास्त धोका असलेल्यांनी ७० च्या खाली, आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिजास्त धोक्याच्या लोकांनी ५५ च्या खाली. लॅबच्या कागदावर मात्र सगळ्यांसाठी एकच रेंज छापलेली असते. त्यामुळे स्टेंट असलेले काका ९५ बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणत पेढे वाटतात, ते थोडं घाईचं होतं. आणखी एक दिलासा त्याच कागदपत्रात आहे: नेहमीच्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. ट्रायग्लिसराइड फार वर आलं तर मग उपाशीपोटी पुन्हा करायची.

औषधं अनेक, काम एकच

शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. शरीर ते स्वतः बनवतं आणि त्यात लिव्हरचा वाटा मोठा. ते लागतंही: पेशींच्या आवरणाला, हार्मोनना, पित्ताला. रक्तातून ते एलडीएलच्या कणांत बसून फिरतं. कण जास्त झाले आणि वर्षानुवर्षं जास्तच राहिले, की धमनीच्या भिंतीत शिरतात, तिथे सूज येते, थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, वर रक्ताची गुठळी धरते आणि अटॅक येतो.

हे कण रक्तातून उचलतं कोण? लिव्हरच. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. ते गल्लीत फिरणाऱ्या घंटागाडीसारखं काम करतात: कण उचलायचा, पेशीच्या आत नेऊन रिकामा करायचा आणि पुन्हा बाहेर फेरीला यायचं. एका फेरीला साधारण दहा मिनिटं लागतात आणि एकच रिसेप्टर अशा शंभराहून जास्त फेऱ्या मारू शकतो. अमेरिकेत डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी ही व्यवस्था उलगडली. त्यासाठी त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

हे एवढं लक्षात ठेवलं तर औषधांच्या नावांचा गुंता बराच सुटतो. एलडीएलवरची जवळजवळ सगळी प्रमुख औषधं शेवटी एकच गोष्ट साधतात, लिव्हरच्या गाड्या वाढवतात. कुणी पुढच्या दाराने, कुणी मागच्या.

स्टॅटिन

पहिला मान स्टॅटिन या गटातल्या गोळ्यांचा, आणि तो बुरशीमुळे मिळाला. जपानचे अकिरा एंडो यांनी १९७१ पासून सुमारे ६,००० बुरशी तपासल्या. कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवेल असं काहीतरी बुरशीत सापडेल, असा त्यांचा होरा होता. क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या पेनिसिलियम बुरशीत त्यांना १९७३ मध्ये ते सापडलं. त्यांचं स्वतःचं औषध बाजारात आलं नाही. त्याच जातीचं लोव्हास्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तरीही अनेक डॉक्टर साशंक होते. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरचा सिम्व्हास्टॅटिनचा अभ्यास आला आणि त्यात एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटलेले दिसले. तिथून वाद बहुतेक मिटला.

स्टॅटिन लिव्हरच्या पेशीतलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं. घरात तुटवडा पडला की पेशी बाहेरून उचलायला जास्त रिसेप्टर काढते आणि रक्तातलं एलडीएल उतरतं. भारतात आज चिठ्ठीवर बहुधा दोनच नावं असतात: ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन. दोन्हींच्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत.

डोसचं गणित इथे समजून घेण्यासारखं आहे. ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमने एलडीएल साधारण ३७ ते ३९ टक्के उतरतं. मग २० ने दुप्पट उतरायला हवं ना? नाही. डोस दुप्पट केला की आणखी जेमतेम ६ टक्क्यांची भर पडते. म्हणजे ४० मिलिग्रॅमपर्यंत गेलं तरी ५० टक्क्यांच्या आसपास आणि ८० ला ५५ टक्क्यांच्या आसपास. रोझुव्हास्टॅटिन १० मध्ये ४५ च्या पुढे, २० मध्ये ५० च्या पुढे जाते. वरच्या गृहस्थांचं १६२ रोझुव्हास्टॅटिन २० ने ७८ च्या आसपास येईल. त्यांना ७० च्या खाली जायचं असेल तर त्याच गोळीचा डोस ताणत बसण्यापेक्षा दुसरं औषध जोडणं शहाणपणाचं.

रोझुव्हास्टॅटिनबद्दल एक खास आपल्यासाठीची गोष्ट. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात त्याची पातळी गोऱ्या लोकांच्या जवळपास दुप्पट चढते. म्हणून अमेरिकेतल्या लेबलवर आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगितलंय. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी नव्या डॉक्टरकडे गेल्यावर हे जरूर बोलून बघावं.

गोळी रात्रीच घ्यायची का? सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यावी, ती शरीरात फार वेळ टिकत नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोझुव्हास्टॅटिन कधीही चालतात. चहासोबत आठवत असेल तर चहासोबत घ्या, चुकू नये एवढंच.

फायदा किती? रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा दर ३९ ने उतरला की अटॅक-पक्षाघातासारख्या मोठ्या घटनांचा धोका साधारण पाचव्या भागाने घटतो. हा हिशेब लाखाहून जास्त लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून मांडलेला आहे. आणि यातच ‘किती दिवस’चं उत्तर आहे. ‘आता ७८ आलंय, बंद करू का?’ हा प्रश्न डॉक्टरांना रोज ऐकावा लागतो. ७८ हे गोळी चालू असल्याचं ७८ आहे. बंद केली की काही आठवड्यांत आकडा मूळ जागी परत येतो. ही कोर्स पुरा करून थांबवायची अँटिबायोटिक नव्हे. वजन बरंच उतरलं, थायरॉइड ताळ्यावर आलं, तर डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावं. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून परस्पर बंद करणं म्हणजे गोळी ज्यासाठी होती तेच सोडून देणं.

आता साईड इफेक्ट. सगळ्यात जास्त भीती याचीच असते, आणि व्हॉट्सॲपने ती चांगली पोसलीय.

स्नायूदुखीपासून सुरुवात करू. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी बरेच जण ‘अंग दुखतं, पायात गोळे येतात’ म्हणून गोळी सोडतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी अशाच ६० जणांना घेऊन एक नामी अभ्यास केला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या: चार महिन्यांच्या स्टॅटिनच्या, चार महिन्यांच्या दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या, आणि चार साफ रिकाम्या. कुठल्या महिन्यात कुठली बाटली, याला काही क्रम नव्हता. रोज त्रास किती झाला ते फोनवर नोंदवायचं. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत त्रास कमी होता. स्टॅटिनच्या महिन्यांत वाढला. पण औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तेवढाच वाढला, सुमारे ९० टक्के. दुखणं खोटं नव्हतं, लोकांना खरंच दुखत होतं. पण बहुतेक दुखणं गोळी घेतोय या धास्तीतून येत होतं, रसायनातून नव्हे. स्वतःचा निकाल बघितल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

खरी इजा होतच नाही असं मात्र नाही. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखे दुखू लागले, जिना चढताना पाय उचलेना, तर डॉक्टर सीपीके नावाची रक्ततपासणी करून घेतात. सोबत लघवी गडद, कोऱ्या चहाच्या रंगाची व्हायला लागली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. असं क्वचितच होतं, पण झालं तर किडनीवर जातं. सेरिव्हास्टॅटिन नावाची एक स्टॅटिन याच कारणाने २००१ मध्ये बाजारातून काढून घेतली गेली.

शुगरबद्दलची कुजबुज अर्धी खरी आहे. स्टॅटिनमुळे मधुमेहाची शक्यता किंचित वाढते: साधारण २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह. बहुधा जो आधीच उंबरठ्यावर उभा असतो, त्यालाच. तेवढ्याच लोकांत टळलेले अटॅक त्याहून बरेच जास्त असतात, म्हणून शुगर असणाऱ्यांनाही डॉक्टर ही गोळी देतातच. आणि फॅटी लिव्हर आहे म्हणून स्टॅटिन नको, हा समज सोडून द्यावा. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वरच्या मर्यादेच्या तिप्पट होईपर्यंत सहसा गोळी बंद करत नाहीत, नजर ठेवतात.

स्टॅटिनला जोड, किंवा पर्याय

एझेटिमाइब ही १० मिलिग्रॅमची साधी गोळी. ती आतड्यात कोलेस्टेरॉल शोषू देत नाही, जेवणातलंही आणि पित्तातून उतरलेलंही. लिव्हरला माल कमी पोचतो, की गाड्या बाहेर पडतात. तेच काम, दुसरं दार. एलडीएल आणखी १८ ते २० टक्के खाली येतं, त्रास फारसा नाही. १८,००० हून जास्त हृदयरुग्णांवरच्या अभ्यासात, २०१५ मध्ये, सिम्व्हास्टॅटिनला तिची जोड दिल्यावर अटॅक आणखी थोडे घटलेले दिसले. फरक माफक होता, पण खरा. भारतात रोझुव्हास्टॅटिन आणि एझेटिमाइब एकाच गोळीत मिळतात.

यावरून एक सूचना. आपल्या बाजारात एकाच कॅप्सूलमध्ये स्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल असं त्रिकूटही भरपूर विकलं जातं. रक्त पातळ करणारी ही दोन औषधं स्टेंटवाल्यांना लागतात, नुसतं कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला बहुतेक वेळा लागत नाहीत. शेजाऱ्यांची ‘तीच कोलेस्टेरॉलची गोळी’ आणून घेऊ नये ते यासाठी. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत काय काय लिहिलंय ते वाचावं. चष्मा लावून.

स्टॅटिन खरोखरच सोसत नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड आहे, १८० मिलिग्रॅम. हेही लिव्हरमधलं उत्पादन अडवतं, पण स्टॅटिनच्या आधीच्या एका पायरीवर. गंमत अशी की हे औषध जागं करणारं एन्झाइम लिव्हरमध्ये आहे, स्नायूंत नाही. म्हणून स्नायूंना झळ कमी. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४,००० लोकांवरच्या अभ्यासाचा निकाल २०२३ मध्ये आला, त्यात हृदयाच्या मोठ्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्या. युरिक ॲसिड मात्र वाढतं. ज्यांचा पायाचा अंगठा अधूनमधून सुजून लाल होतो, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं. पित्ताचे खडे असतील तर तेही.

इंजेक्शनांची गोष्ट जरा जास्त रंजक आहे. पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन शरीरात असतं आणि त्याचं काम चालू रिसेप्टर भंगारात काढणं. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत असं दिसलं की हे प्रथिन जास्त जोमात असेल तर एलडीएल भयंकर चढतं. मग डॅलसच्या संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला: ज्यांच्यात ते जन्मतःच मंद आहे, त्यांचं काय होतं? २००६ मध्ये उत्तर आलं. अशा कृष्णवर्णीय अमेरिकनांचं एलडीएल सरासरी २८ टक्के कमी होतं, आणि हृदयविकार तब्बल ८८ टक्के कमी. २८ टक्के तर साध्या गोळीनेही उतरतं, मग फायद्यात एवढी तफावत का? कारण यांचं एलडीएल जन्मापासून खाली होतं. पन्नाशीला सुरू केलेली गोळी आधीची पन्नास वर्षं धुऊन काढू शकत नाही.

त्यातून इव्होलोकुमॅब आणि अलिरोकुमॅब ही इंजेक्शनं २०१५ मध्ये आली. पोटावर किंवा मांडीवर, इन्सुलिनसारखी कातडीखाली, दर दोन आठवड्यांनी. एलडीएल साधारण ६० टक्के उतरतं. त्यानंतर आलेलं इन्क्लिसिरान नावाचं इंजेक्शन पीसीएसके९ बनण्याआधीच, ते बनवायचा निरोप लिव्हरच्या पेशीत कापून टाकतं. पहिलं इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरं, मग वर्षातून दोनदाच. घट साधारण ५० टक्के. ही औषधं भारतातही वापरात आहेत, पण महाग. अटॅक येऊन गेलाय, गोळ्या पूर्ण डोसमध्ये चालू आहेत आणि एलडीएल तरी खाली येत नाही, मुख्यतः अशांसाठी त्यांचा विचार होतो.

ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, तेव्हा फेनोफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध देतात. त्याखाली असेल तर साखर, मैदा, दारू कमी करणं आणि शुगर ताब्यात ठेवणं यानेच आकडा बऱ्यापैकी उतरतो. स्टॅटिनच्या जोडीला फेनोफायब्रेट दिल्याने अटॅक कमी होतात, असं मोठ्या चाचणीत काही दिसलं नाही. मधुमेही लोकांच्या चढ्या ट्रायग्लिसराइडसाठी सारोग्लिटाझार हे औषध अहमदाबादच्या झायडस कंपनीने शोधलं आणि २०१३ मध्ये भारतात मंजूर झालं. रेणूपासून बाजारापर्यंत भारतीय कंपनीने आणलेलं ते पहिलं औषध म्हणून ओळखलं जातं.

एचडीएल कमी आहे म्हणून ते वाढवायची गोळी मागू नका. नायासिन या औषधाने एचडीएल वाढलं, पण स्टॅटिनच्या जोडीला देऊन अटॅक काही घटले नाहीत. टॉर्सेट्रापिब या दुसऱ्या औषधाने आकडा झकास वाढवला आणि मृत्यूही वाढले, म्हणून २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. रोज चालणं, तंबाखू सोडणं, वजन उतरवणं, एवढंच.

उपाशीपोटी लसणीच्या पाकळ्यांचं म्हणाल तर आमटीत घालून खा, चव चांगली लागते. इसबगोलाने मात्र एलडीएल खरंच पाच-सात टक्के उतरतं. ‘रेड यीस्ट राइस’च्या कॅप्सूल नैसर्गिक म्हणून विकतात, त्यांतला काम करणारा घटक लोव्हास्टॅटिनच आहे, फक्त किती आहे याचा भरवसा नाही.

डॉक्टरांना काय सांगायचं

औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे, दातांच्यासुद्धा, गेलात तर स्टॅटिन चालू असल्याचं सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक आणि इट्राकोनॅझोल ही गजकर्णासाठी सर्रास दिली जाणारी कॅप्सूल, या दोन्ही ॲटोर्व्हास्टॅटिन-सिम्व्हास्टॅटिनची पातळी रक्तात बरीच वाढवतात. तेवढे दिवस स्टॅटिन थांबवायची का, हे तेच सांगतील. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच बोलावं, त्या काळात ही गोळी सहसा बंद ठेवतात.

आणि एलडीएल १९० च्या वर असेल, किंवा घरात कुणाला चाळिशी-पंचेचाळिशीतच अटॅक आला असेल, तर प्रश्न एकट्याचा राहत नाही. सुमारे २५० माणसांत एकाला रिसेप्टरचा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. अशा माणसाच्या टाचेमागची दोरीसारखी कंडरा जाड झालेली असते, डोळ्यांभोवती पिवळट चट्टे दिसतात, किंवा वरून काहीच दिसत नाही. प्रत्येक भावंडाला आणि प्रत्येक मुलाला तो दोष असण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे त्या सगळ्यांची लिपिड प्रोफाइल करून घ्यावी लागते, शाळकरी मुलांचीही. अशा मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ-दहा वर्षांच्या वयापासून स्टॅटिन देतात.